कोडिंगचा क्लास लावलाय? मग या चुका टाळा

"मॅडम, चालत नाही." आमच्या कराडच्या क्लासमध्ये संध्याकाळच्या बॅचला हे वाक्य रोज ऐकू येतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसते आणि एवढंच म्हणते, "स्क्रीनवर काय लिहून आलंय, ते वाच बघू." बहुतेक वेळा समोरची मुलगी किंवा मुलगा गप्प होतो. लाल अक्षरं दिसली की वाचायची नाहीत, थेट मॅडमना हाक मारायची, ही सवय लागलेली असते. वेब पेज करायला शिकताना मुलं डोकं चालत नाही म्हणून क्वचितच अडतात. समोर लिहिलेलं न वाचल्यामुळे आणि आपली फाइल कुठे, कोणत्या नावाने ठेवलीय याकडे लक्ष न दिल्यामुळे मात्र रोज अडतात.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने तिच्या मावशीच्या पापड-कुरडयांच्या घरगुती धंद्यासाठी पेज केलं. साधं, एका पानाचं. नवशिक्यांच्या जवळजवळ सगळ्या चुका मला त्या एका पेजात भेटल्या, म्हणून तेच उदाहरण घेते.

माझ्या कॉम्प्युटरवर तर दिसतंय!

पेज गिटहब पेजेसवर (फुकटात वेब पेज ठेवायची सोय) चढवलं, मावशीला लिंक पाठवली आणि मावशीच्या मोबाइलवर एकही फोटो दिसेना. कोड उघडला तर फोटोचा पत्ता थेट 'सी' ड्राइव्हपासून दिलेला, त्यातही डाउनलोड्सच्या फोल्डरमधला. हा पत्ता फक्त तिच्या घरच्या कॉम्प्युटरला माहीत, मावशीच्या मोबाइलमध्ये कुठला आलाय 'सी' ड्राइव्ह! फोटो प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवायचे आणि पत्ता तिथून पुढचा द्यायचा, म्हणजे आधी 'इमेजेस' हे फोल्डर आणि मग फाइलचं नाव.

तेवढं केलं, तरी कुरडयांचा फोटो येईना. पाऊण तास गेला. शेवटी मी तिला फाइलचं नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावलं. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलच्या शेवटचं 'जेपीजी' कॅपिटल अक्षरांत होतं, कोडमध्ये स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखेच, त्यामुळे घरी फोटो दिसत होता. वेबसाइट ज्या सर्व्हरवर राहतात ते बहुतांशी लिनक्स या विंडोजपेक्षा वेगळ्या सिस्टिमवर चालतात आणि तिथे कॅपिटल आणि स्मॉल ही दोन वेगळी नावं ठरतात. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: फाइलची सगळी नावं स्मॉल अक्षरांत, मध्ये जागा सोडायची नाही, हवी तर आडवी रेघ.

नोटपॅडमध्ये सेव्ह केलेलं पेज ब्राउझरमध्ये नुसतं कोड म्हणून दिसत असेल, तर फाइलच्या नावामागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' लागलेलं असतं. विंडोज ते शेपूट लपवतं. फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स दिसतील असं करून घ्या. आणि बदल केला तरी पेज तसंच राहत असेल, तर व्हीएस कोडमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरमध्ये, वरच्या टॅबकडे बघा. फुलीच्या जागी भरीव ठिपका असेल तर फाइल सेव्हच झालेली नाही. सेव्ह आहे आणि तरीही जुनंच दिसतंय, तर कंट्रोल-एफ-५ दाबा, म्हणजे ब्राउझर साठवलेली प्रत सोडून ताजी मागवेल.

मराठी मजकूर का बिघडतो

हे इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सहसा कोणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. मावशीचं दरपत्रक गावातल्या डीटीपीवाल्याने कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. मुलीने ते कॉपी करून पेजात टाकलं आणि 'पापड'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला झाला. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीचीच असतात, त्यांना फक्त देवनागरीचा चेहरा चढवलेला असतो. फॉन्ट गेला की चेहरा गेला. असा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो आणि नंतर डोळ्यांनी तपासावा लागतो, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात.

दुसरा बिघाड वेगळा आहे. मजकूर युनिकोडच असतो, पण पेजवर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि त्याच्यामागे एक चक्रासारखी खूण, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसते. यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवायची पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं असतं आणि सगळ्यांची सुरुवात जवळपास सारखी असते, म्हणून तीच जोडी सतत येते. ही जोडी दिसली की समजायचं, ब्राउझरला यूटीएफ-८ वाचायचंय हे सांगितलेलं नाही. पेजच्या वरच्या 'हेड' या भागात सुरुवातीलाच यूटीएफ-८ सांगणारी 'मेटा कॅरसेट' ही ओळ टाका. तिथेच पेज मोबाइलच्या रुंदीत बसवणारी 'व्ह्यूपोर्ट'ची ओळही टाका, नाहीतर मोबाइल पेज साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून चालतो आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

५०० आणि ६० मिळून ५००६०

पापडाचे पाचशे, कुरिअरचे साठ आणि एकूण बिल पन्नास हजार साठ! मुलगी रडकुंडीला आली होती, कारण नगांचा गुणाकार बरोबर यायचा, फक्त बेरीज चुकायची. पेजवरचे हिशेब आणि बटणं चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत इनपुटच्या चौकटीतून येतो तो आकडा नसतो, मजकूर असतो. गुणाकाराच्या वेळी भाषा त्याचा आकडा करून घेते. अधिकच्या चिन्हाला मात्र मजकूर जोडण्याचंही काम असतं, म्हणून ते दोन्ही शेजारी चिकटवून देतं. बेरजेआधी 'नंबर' वापरून आकडा करून घेतला की झालं.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर एफ-१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका लिहून दाखवतो ती जागा, उघडा. 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' असं लिहून आलं असेल, तर तुम्ही ज्या घटकाला हाक मारली तो सापडलेला नाही. आयडीचं, म्हणजे घटकाला दिलेल्या नावाचं, स्पेलिंग तरी चुकलंय, नाहीतर तो घटक पेजवर यायच्या आधीच स्क्रिप्ट धावलीय. स्क्रिप्टला 'डिफर' (पेज वाचून झाल्यावर धाव, अशी सूचना) लावा किंवा ती 'बॉडी'च्या अगदी शेवटी ठेवा. उजवीकडे फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो, त्यावर क्लिक केलं की थेट त्या ओळीवर जाता. इतकी मदत समोर असताना मुलं ती बंद करून माझ्याकडे येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

क्लास निवडतानाच होणाऱ्या चुका

एमएस-सीआयटी झाली म्हणजे प्रोग्रॅमिंग आलं, असं अनेक पालक समजतात. तो कोर्स कॉम्प्युटर वापरायला शिकवतो आणि ते काम तो चांगलं करतो, पण प्रोग्रॅमिंग वेगळं. वेबसाइट करायचीय म्हणून जावाचा क्लास लावणारेही भेटतात. जावास्क्रिप्ट १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी तयार केली. जावा ही वेगळीच भाषा आहे, साम्य नावापुरतं. आणि तिसऱ्या आठवड्यात रिअ‍ॅक्टवर, म्हणजे जावास्क्रिप्टवर उभारलेल्या तयार साधनावर, उडी मारणारा क्लास असेल तर सावध व्हा. साधं जावास्क्रिप्ट हाताखालून गेलं नसेल, तर रिअ‍ॅक्टमध्ये काय बिघडलंय हे कळायचाही मार्ग राहत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान करतो तो सर टाइप करतात आणि मुलं बघून टाइप करतात असा क्लास. तिथे कोणाचंच काही चुकत नाही, म्हणून कोणालाच दुरुस्ती येत नाही. एआयकडून तयार कोड घेऊन चिकटवला तरी तेच. डेमो लेक्चरला गेलात तर मागच्या बॅचच्या मुलांनी केलेल्या पेजच्या लिंक मागा आणि तिथेच स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा. दहाही पेजं रंग बदललेली एकच असतील, तर तुम्हाला कळायचं ते कळलं.

फी भरण्याआधी महिनाभर फुकट शिकून बघा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे अनेक धडे मराठी आवाजात आहेत. इंग्रजी जमत असेल तर फ्रीकोडकॅम्प आणि एमडीएन या फुकट शिकवणाऱ्या वेबसाइट आहेतच. महिन्याभराने गोडी टिकली तर क्लास लावा. "हप्त्यात भरा" असं सांगितलं तर कागद नीट वाचा. तो हप्ता क्लासचा आहे की एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज आहे, हे स्पष्ट विचारा. कर्ज असेल तर क्लास मधेच सोडला तरी हप्ते चालूच राहू शकतात, आणि ते चुकले तर सिबिल तुमचं बिघडतं. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे नोकरी की नुसते इंटरव्ह्यू, तेही त्याच कागदावर लिहून घ्या. लिहून द्यायला नकार मिळाला, तर सही न करता घरी या.