वन पॉकेटमध्ये ब्रेक कुठला मारायचा

पूलमधला एट बॉल खेळून त्याच टेबलावरच्या वन पॉकेट या खेळाकडे आलात की सगळ्यात आधी मोडावी लागते ती जीव खाऊन ब्रेक, म्हणजे गेमचा पहिला शॉट, मारायची सवय. तिथे बॉल टेबलभर पांगले की आपण खूश असतो, पण इथे तसं केलंत तर समोरच्याला ताट वाढून दिल्यासारखं होतं, कारण त्याला त्याच्या एकाच पॉकेटात 8 बॉल घालायचेत आणि तुम्ही फोडून दिलेले निम्मे बॉल त्याच्याच बाजूला जाऊन बसलेले असतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. रॅकच्या, म्हणजे सुरुवातीला त्रिकोणात लावलेल्या बॉलच्या, मागची दोन कोपऱ्यातली पॉकेटं, एक तुमचं एक त्याचं, 15 बॉल, आधी 8 घालेल तो जिंकला. ब्रेक करणारा आपलं पॉकेट निवडतो. बाकीच्या चार पॉकेटांत गेलेला बॉल परत टेबलावर येतो.

म्हणून मी ब्रेक निवडताना आधी एकच बघतो, व्हाइट, म्हणजे ज्याला काठीने मारतो तो पांढरा बॉल, कुठे थांबणार. बॉल माझ्या बाजूला सरकले तर छानच, पण व्हाइट मधे मोकळा राहिला तर त्या सरकण्याला काही अर्थ नाही. व्हाइट समोरच्याच्या बाजूच्या लांब रेलला (टेबलाच्या रबरी कडेला), त्याच्या पॉकेटच्या जवळ, चिकटून थांबला पाहिजे. तिथून त्याला स्वतःच्या पॉकेटात सरळ काही मारताच येत नाही, आणि रेलला चिकटलेला व्हाइट नीट मारणं तसंही अवघड.

आता मारायचं कसं. समजा तुम्ही डावं पॉकेट घेतलंय. मग व्हाइट किचनमध्ये, म्हणजे टेबलाच्या आपल्याकडच्या टोकाच्या पट्ट्यात, उजव्या बाजूला, रेलपासून थोडा आत ठेवा. पुढच्या बॉलच्या उजव्या अंगाला पातळ कट मारायचा, असा की व्हाइट त्याला चाटून दुसऱ्या रांगेतल्या उजव्या बॉलला लागेल आणि तिथून उजव्या रेलकडे जाईल. धक्का रॅकमधून पलीकडे जातो आणि डावीकडचे बॉल तुमच्या पॉकेटकडे सुटतात. उजवं पॉकेट घेतलं तर हेच सगळं आरशातल्यासारखं उलटं. नवीन असाल तर हाच ब्रेक पकडा, दुसरा शोधत बसू नका.

खरी निवड यातच आहे, किती पातळ आणि किती जोरात. जाड लागला तर बॉल जास्त हलतात पण व्हाइटची ताकद संपते, तो रॅकजवळच मधे थांबतो आणि समोरचा हसत उठतो. फार पातळ लागला तर रॅक जेमतेम हलतो आणि व्हाइट वेगात रेलवर आदळून परत बाहेर येतो. जोर जास्त झाला की तुमच्याकडे सुटलेले बॉल रेल खाऊन परत त्याच्या बाजूला जातात, हे तर मला सगळ्यात जास्त वेळा नडलंय. आणि व्हाइट त्याच्या पॉकेटात गेला तर फाऊल, तुमचा एक बॉल वजा आणि व्हाइट त्याच्या हातात, किचनमधून खेळायला. गेमची सुरुवातच उणे एकने.

स्पिनबद्दल सगळे विचारतात. व्हाइट उजव्या रेलला लागताना त्यावर उजवा स्पिन (व्हाइटच्या उजव्या अंगाला काठी मारून दिलेली फिरकी) असेल तर रेल त्याला मागे, म्हणजे तुमच्या दिशेला ओढते, डावा असेल तर पुढे पॉकेटकडे ढकलते. पण कट आणि जोर बसल्याशिवाय स्पिन लावू नका, नाहीतर चुकलं काय तेच कळत नाही.

टेबलही बघा. नवीन कापड असेल तर व्हाइट घसरत जातो, जोर कमी ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने कापड जड होतं तेव्हा तोच शॉट आखूड पडतो. रॅक घट्ट आहे ना ते वाकून बघा, पुढच्या बॉलमागे फट असेल तर नीट मारूनही बॉल भलतीकडे जातात, परत लावायला सांगायला लाजू नका. कॅरम फोडताना सोंगट्या घट्ट लावून घेतोच ना आपण.

सरावाला एक गोष्ट करा, मला याचा खूप उपयोग झाला. व्हाइट ठेवायच्या जागी छोटा स्टिकर लावा, सलग 10 ब्रेक मारा आणि प्रत्येक वेळी व्हाइट कुठे थांबला तेवढंच वहीत लिहा, बॉल कुठे गेले ते सोडून द्या. मग एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी जोर, मग कट, मग व्हाइटची जागा बोटभर इकडेतिकडे. शिवाय फिलिपिन्सचा पूल खेळाडू एफ्रेन रेयेस याच्या डर्बी सिटी क्लासिक या अमेरिकेतल्या स्पर्धेतल्या वन पॉकेट मॅचेस बघा आणि ब्रेक झाला की व्हिडिओ थांबवून समोरच्याकडे काय शॉट उरलाय ते स्वतः शोधा. 10 पैकी 6-7 वेळा तुमचा व्हाइट त्या रेलला जाऊन बसायला लागला की मग स्पिनला हात लावा.