घोडा जी५ला आल्यावर काळ्याने काय खेळावे

फोंड्याला माझ्याकडे बुद्धिबळ शिकणारी मुले आक्रमक ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) चाली तोंडपाठ करून स्पर्धेला बसतात आणि पाचव्याच चालीला डाव बिघडवून घेतात, म्हणून दोन घोड्यांच्या बचावातील (काळ्याच्या एका ओपनिंगमधील) ही एक फांदी सविस्तर देत आहे. घरांची नावे उभ्या ओळी ए ते एच आणि आडव्या ओळी १ ते ८ यांवरून घेतली आहेत; मोहऱ्याचे नाव नसेल तर चाल प्याद्याची, आणि जोडीत आधी पांढऱ्याची चाल. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६ अशी सुरुवात झाल्यावर पांढरा घोडा जी५ला येतो, तेव्हा उंट आणि घोडा या दोघांचा मारा एफ७च्या प्याद्यावर होतो आणि ते राखायला एकटा राजा असतो. काळ्याने डी५ खेळून उंटाची वाट अडवावी. पांढरा ई-प्याद्याने डी५ मारतो.

इथे हात आवरावा. ते प्यादे घोड्याने परत घ्यावे असे कोणालाही वाटते, आणि खेळण्याच्या हेतूने मोहऱ्याला बोट लागले की नियमाप्रमाणे तेच हलवावे लागते. घोडा डी५वर गेला की पांढरा एफ७वर आपला घोडा बळी देतो. वजीर आणि हत्ती एकदम धोक्यात आल्यामुळे राजाला तो मारावाच लागतो. मग पांढरा वजीर एफ३वरून शह देता देता डी५च्या घोड्यावरही नेम धरतो. तो घोडा राखायचा तर राजाला ई६वर, पटाच्या मध्यावर यावे लागते, आणि असा उघडा राजा चालत्या घड्याळासमोर सांभाळणे नवख्या खेळाडूच्या आवाक्याबाहेरचे असते.

म्हणून पाचवी चाल घोडा ए५ हीच खेळावी. उंटाने बी५वरून दिलेला शह सी६ने अडवावा आणि तिथे प्यादे मारले गेले की बी-प्याद्याने परत मारावे. उंट ई२ला परतला की एच६, घोडा एफ३ला हटला की ई४, आणि पांढऱ्याचा तोच घोडा ई५वर येतो. काळ्याचे एक प्यादे कमी आहे, परंतु पांढऱ्याच्या १० चालींपैकी ७ त्या एका घोड्यावर आणि एका उंटावर खर्ची पडल्या आहेत, आणि त्याची बाकी मोहरी अजून घरातच आहेत. काळ्याने उंट डी६ला आणून ई५च्या घोड्यावर दबाव आणावा, लवकर कॅसलिंग (राजा आणि हत्ती यांची एकाच चालीतली सुरक्षित हालचाल) करावे आणि वजिरांची अदलाबदल टाळावी.

घरी हीच स्थिती मांडून दोन्ही बाजूंनी खेळावे. ९० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद जादा अशा डावात पाठ चालींवर वाचलेला वेळ अकराव्या चालीसाठी राखावा. ए५चा घोडा कडेला अडकून पडतो, त्याला बी७मार्गे परत आणण्याची सोय आधीच पाहून ठेवावी.