जुन्या गाडीत पेट्रोलचा वास: गळती कशी शोधावी

"जुनी गाडी म्हटली की थोडा वास यायचाच." हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकलं की माझं डोकं तापतं. पद्मिनी असो, ॲम्बेसेडर असो की बीटल, धड गाडीत बसल्यावर पेट्रोल नाकाला जाणवता कामा नये. वास येतो म्हणजे पेट्रोल कुठून तरी बाहेर पडतंय, आणि त्याची वाफ थंडीतही एका ठिणगीवर पेटते.

गाडी ढकलत उघड्यावर आणा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. म्हणून सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात उतरून वास शोधायचा नाही.

आता नाक बाजूला ठेवा आणि वास केव्हा येतो ते लिहून काढा. वाफ वाहत जाते. टाकीपाशी निघालेली वाफ डॅशबोर्डखाली जाणवते, आणि लोक आठवडाभर बॉनेट उघडून बसतात. नाकही काही मिनिटांत त्या वासाला सरावतं, मग वास कुठेच नाही असं वाटतं. वेळ मात्र फसवत नाही.

चढ चढून आल्यावर, इंजिन बंद केल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी वास आला तर कार्बोरेटर बघा. चोर्ला घाट चढून थांबलात की इंजिनाच्या धगीने कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळतं. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या गळ्यात बघा: थेंब पडत असतील तर नीडल वॉल्व्ह (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी झडप) किंवा फ्लोट (ती झडप मिटवणारा तरंगता गोळा) बिघडलेला असू शकतो.

वासाबरोबर डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं, त्यालाही पेट्रोलचा वास आला, तर बहुतेक एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या पंपाचा (एअर कंडिशनरचा नव्हे), रबरी पडदा फाटलाय. गाडी तिथेच उभी करा. पातळ झालेल्या ऑइलवर चालवलीत तर बेअरिंग जातील. पडदा आणि ऑइल दोन्ही बदला.

टाकी भरली की दोन-तीन दिवस वास आणि नंतर आपोआप गायब, ही तिसरी तऱ्हा. मला सगळ्यात जास्त छळलं ते हिनेच, कारण गॅरेजमध्ये गाडी नेईपर्यंत टाकी निम्मी झालेली असते आणि मेकॅनिक हात वर करतो. गळती टाकीच्या वरच्या भागात असते: भरण्याच्या नळीचा रबरी जोड, फ्लोट युनिटखालचं (टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या भागाखालचं) पॅकिंग किंवा हवेची बारीक नळी. पद्मिनीत टाकी डिकीच्या आतच, म्हणून वाफ सरळ मागच्या सीटमधून केबिनमध्ये येते. मागची काच उघडून गाडी चालवली तर आणखी ओढली जाते.

ही गळती पकडायची तर टाकी मुद्दाम गळ्यापर्यंत भरा. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल थंड असतं. ३० लिटर पेट्रोल १० अंश तापलं की पाव लिटरहून जास्त फुगतं आणि वरच्या जोडांपर्यंत चढतं. मग गाडी चढावर लावा. गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीच्या उतारावर गाडी तिरकी झाली आणि तेव्हाच वास आला असेल, तर तो तिरकेपणा घरी पुन्हा आणा: एकदा नाक वर, एकदा शेपूट वर.

प्रत्येक जोडाभोवती धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा. हाताने चाचपू नका. पेट्रोल उडून जातं आणि बोट कोरडंच येतं. तासाभराने एकेक पट्टी काढून गाडीपासून दूर नेऊन हुंगा, मधे मोकळ्या हवेत थांबा. ज्या पट्टीला वास, तो जोड दोषी. थेंब दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडा. जुनं रबर न गळताही वाफ बाहेर सोडतं, विशेषतः आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागल्यापासून. त्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. वरून होज (रबरी नळी) तुळतुळीत दिसेल. वाकवून बघा, भेगा उघडतात.

गोव्यात आणखी एक जागा तपासा: टाकीचा तळ आणि टाकी बांधणाऱ्या लोखंडी पट्ट्यांखालचा पत्रा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे गंज तिथे आतून-बाहेरून लागतो. पावसाळाभर झाकून ठेवलेली गाडी चतुर्थीला काढणार असाल तर हे आधी.

दुरुस्ती सोपी आहे, वाईट सल्ले टाळलेत तर. टाकीला साबण चोळणं ही रस्त्यावरून घरी पोचण्यापुरती सोय, दुरुस्ती नव्हे. साध्या सिलिकॉनला पेट्रोल फुगवून सोडवतं, पॅकिंगच्या जागी ते लावू देऊ नका. इथेनॉल चालणारा इंधनाचाच होज घ्या. पाण्याचा होज कोणी स्वस्तात देत असेल तर दुकान बदला. क्लिप कडा नसलेली हवी, धारदार क्लिप रबर कापते. गंजलेली टाकी रिकामी करून वेल्डिंगला दिली तरी वाफ आत राहते आणि स्फोट होऊ शकतो, म्हणून हे काम टाक्या धुऊन वेल्ड करणाऱ्यालाच द्या.

काम झाल्यावर टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरा, गाडी चढावर लावा आणि पट्ट्या रात्रभर ठेवा. सकाळी एकाही पट्टीला वास नसेल तरच डिकीतलं कार्पेट परत टाका.