क्रेमोनाला जाताय? आधी ऐकण्याचं तिकीट काढा

विमान, हॉटेल, मिलानहून जायची-यायची गाडी, सगळं नंतर. आधी उत्तर इटलीतल्या क्रेमोना या व्हायोलिन-कारीगरांच्या गावातल्या व्हायोलिन संग्रहालयाचं, म्हणजे म्युझेओ देल व्हिओलिनोचं संकेतस्थळ उघडा आणि त्यातलं ‘आउदित्सिओनी’चं वेळापत्रक पाहा. जुनं वाद्य काचेच्या कपाटातून बाहेर काढून एखादा वादक ते संग्रहालयाच्याच सभागृहात वाजवतो, त्या छोट्या कार्यक्रमाचं हे नाव. अर्धा-पाऊण तासाचा असतो. बहुतेक वेळा शनिवारी-रविवारी, दुपारच्या सुमारास होतो, पण दर आठवड्याला होईलच असं धरून चालू नका. त्या वेळापत्रकात जी तारीख असेल ती धरा आणि बाकीचा प्रवास तिच्या मागेपुढे बसवा. उलटं करू नका. मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स ठरवून झाल्यावर मधला रिकामा मंगळवार क्रेमोनाला दिला, की काचेआडची व्हायोलिनं बघून परत यावं लागतं.

आणि हे नीट वाचा: संग्रहालयाच्या प्रवेश तिकिटात हे ऐकणं येत नाही. त्याचं तिकीट वेगळं. प्रवेशाचं तिकीट ऑनलाइन काढलं, कागद हातात आला, आता सगळं झालं असं वाटतं, तिथेच घोटाळा होतो. दोन तिकिटं हवीत. तारीख आणि वेळ छापलेलं दुसरं तिकीट हातात नसेल तर तुमची तयारी झालेली नाही.

एवढा आग्रह का, तर व्हायोलिन ही बघायची वस्तूच नाही. इथला विख्यात कारीगर स्त्रादिवारी याचं १७१५ सालचं ‘इल क्रेमोनेझे’, आंद्रेआ आमातीनं फ्रान्सच्या नवव्या चार्ल्सच्या दरबारासाठी १५६६च्या सुमारास केलेलं व्हायोलिन, निकोलो आमातीचं १६५८चं ‘हामेर्ले’ ही सगळी इथे ओळीनं दिसतात. सराव नसलेल्या डोळ्याला चार कपाटांनंतर ती सारखीच वाटायला लागतात. कानाला वाटत नाहीत. सभागृहही साधं नाही. जोवान्नी आर्वेदी सभागृहाची ध्वनिरचना यासुहिसा तोयोता यांची आहे, मंच मधोमध खाली आणि त्याच्या भोवती, वरपर्यंत, साडेचारशेहून थोड्या जास्त खुर्च्या. ध्वनिवर्धक लागत नाही. याच सभागृहात २०१९च्या सुरुवातीला संग्रहालयातल्या काही जुन्या वाद्यांचे सूर एकेक करून ध्वनिमुद्रित केले, तेव्हा बाहेरच्या दगडी रस्त्यावरच्या चाकांचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून नगरपालिकेनं आजूबाजूची वाहतूक काही आठवडे बंद ठेवली होती. ज्या गावानं एवढं केलं, तिथे जाऊन न ऐकता परत यायचं?

व्हिसा: शेंगेन, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. हे सगळ्यांना माहीत असतं.

दिवस निवडताना सोमवार सोडा. संग्रहालय सोमवारी बंद, बरीच दुकानंही सोमवारी सकाळी बंद. ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टच्या आगेमागे कारीगर कार्यशाळांना कुलूप लावून समुद्रावर किंवा डोंगरात गेलेले असतात, आणि पो नदीच्या खोऱ्यातला दमट उकाडा व डास मागे उरतात. नोव्हेंबर ते जानेवारीत धुकं इतकं दाट पडतं की मनोऱ्यावर चढून समोरचं छप्परही दिसत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस वाद्यांचा मोठा व्यापारमेळा भरतो. संगीतवाल्यांना तो पर्वणी, पण खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात आणि कारीगरांना पाहुण्यांसाठी उसंत नसते. नोव्हेंबरात तोर्रोने मिठाईचा उत्सव असतो, तेव्हाही गर्दी. एप्रिल, मे आणि ऑक्टोबरचा पहिला अर्धा सगळ्यात बरा. अर्थात ऐकण्याची तारीख ज्या आठवड्यात आहे तोच आठवडा.

मिलानो चेंत्रालेहून थेट प्रादेशिक गाडीनं सव्वा तासाच्या आसपास लागतो. मांतोव्हाला जाणारी गाडी घ्यायची. आसन राखायचं नसतं, भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे आधी काढून पैसे वाचत नाहीत. कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय चढू नका, दंड जागेवर होतो आणि ‘परदेशी आहे, माहीत नव्हतं’ हे कोणी ऐकत नाही. गाड्या दर तासाला असतीलच असं नाही. वाटेतल्या कोदोन्यो स्टेशनापुढे मार्ग बराचसा एकेरी आहे, समोरची गाडी उशिरा आली की तुमची उभी राहते. म्हणून बाराचा कार्यक्रम असेल तर साडेअकराला पोचणारी गाडी धरायची नाही, साडेनऊ-दहाला पोचणारी धरायची. वाजवायला सुरुवात झाल्यावर दार उघडतील या भरवशावर राहू नका. संपाचाही अंदाज घ्या. इटलीत संप आधी जाहीर होतात, तारखा शोधल्या की सापडतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या चालवाव्याच लागतात. शनिवार-रविवारी त्या हमीवर विसंबू नका, आणि तुम्ही ऐकायला जाणार ते नेमके त्याच दिवशी. मुक्कामी जाणं म्हणूनच शहाणपणाचं: आदल्या संध्याकाळी पोचा, सकाळी नुसतं चालत जायचं. मोठी बॅग मिलानच्या सामानघरात ठेवा. भाड्याची मोटार घेऊन येणार असाल तर जुन्या गावात परवानगीशिवाय वाहन नेता येत नाही, कॅमेरे लावलेले आहेत, आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते.

स्टेशनवरून गावाचा मुख्य चौक पंधरा-वीस मिनिटांवर. कोर्सो गारिबाल्दीनं चाला, कारण ५७ क्रमांकाचं घर वाटेत लागतं. लग्नानंतर, १६६७ ते १६८०, स्त्रादिवारी तिथे राहत होता. पुढची पन्नासहून जास्त वर्षं ज्या घरात त्यानं काम केलं ते आता उभं नाही, आणि त्याला पुरलं ते सान दोमेनिको चर्चही एकोणिसाव्या शतकात पाडलं. त्याच्या जागी पियात्सा रोमाची बाग आहे, तिथे त्याच्या नावाचा दगड दिसेल. याच गारिबाल्दी रस्त्यावर १२५६चा पालात्सो चित्तानोव्हा आहे. त्या काळी गावात दोन पक्ष, दोन सत्ताकेंद्रं होती. एकाचं चौकातल्या नगरभवनात, दुसऱ्याचं इथे. हे ठाऊक असलं की मुख्य चौक नीट समजतो.

संग्रहालयाला दोन तास द्या, ऐकण्याच्या आधी. कपाटातली वाद्यं लक्ष वेधतातच, पण घाईत लोक स्त्रादिवारीच्या कार्यशाळेतल्या वस्तूंची खोली ओलांडून जातात. लाकडी साचे, कागदी नमुने, अवजारं, आराखडे मिळून सातशेहून जास्त वस्तू. जुसेप्पे फिओरिनी या कारीगरानं त्या विकत घेतल्या आणि १९३० साली गावाला देऊन टाकल्या. स्त्रादिवारीच्या हातची टिपणं असलेले कागद तिथे जवळून बघता येतात. हे साचे डोक्यात ठेवून कार्यशाळेत गेलात तर समोर काय चाललंय ते कळेल.

कार्यशाळेची भेट लेखी मागून घ्या. गावात दीडशेच्या वर कार्यशाळा आहेत, पण त्या दुकानं नव्हेत. कित्येक आतल्या चौकात किंवा पहिल्या मजल्यावर असतात, बाहेर घंटीशेजारी फक्त नावाची पट्टी. महिनाभर आधी ईमेल करा: कोण आहात, किती जण (तिघांपेक्षा जास्त नको), वाजवता की नुसते बघायला येता, सोयीच्या दोन वेळा. इंग्रजी चालतं, यातले बरेच जण परदेशांतून इथल्या १९३८ साली सुरू झालेल्या व्हायोलिन-विद्यालयात शिकायला आलेले आणि इथेच राहिलेले. उत्तर आलं नाही तर दुसऱ्याला लिहा. वेळ देताना मात्र ऐकण्याच्या कार्यक्रमाला चिकटून देऊ नका. कारीगर रंगात येऊन बोलायला लागतो, तासाचे दोन तास होतात, आणि तिकडे सभागृहाचं दार बंद होतं. ऐकणं आधी, कार्यशाळा दुपारी साडेतीननंतर.

आत गेल्यावर कशालाही हात लावायचा नाही. वॉर्निश कोरडं दिसलं तरी आत मऊ असतं आणि बोटाचा ठसा उमटतो. तो काढायला कारीगराचे तास जातात. वाद्य हातात दिलंच तर मानेला धरा, पोटाला नाही. सरस लावण्याचं काम चालू असेल तर गप्प उभे राहा: हा जनावरांच्या कातडीचा गरम सरस, निवाला की धरायला लागतो, त्या मिनिटात कारीगराला तुमच्याशी बोलता येत नाही. विचारायचं असेल तर लाकडाबद्दल विचारा. वरच्या पाटाचं स्प्रूस बहुधा व्हाल दी फिएम्मेच्या जंगलातलं, पाठीचं मेपल बाल्कनमधलं, आणि दोन्ही कित्येक वर्षं सुकवलेलं. बाजूच्या पट्ट्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या. तापल्या लोखंडावर वाकवून आतल्या साच्याभोवती बसवतात. साचा आत, ही क्रेमोनाची जुनी रीत, आणि तोच साचा तुम्ही सकाळी संग्रहालयात पाहिलेला असतो. ‘स्त्रादिवारीचं गुपित काय?’ हा प्रश्न विचारू नका. रोज ऐकतात ते.

विकत घेण्याचा विचार असेल तर इथल्या कारीगरानं हातानं केलेलं नवं व्हायोलिन पाच आकडी युरोंत जातं. क्रेमोनाच्या नावाचं लेबल लावलेलं स्वस्त व्हायोलिन इथे बनलेलं असेलच असं नाही. कारीगराच्या सहीचं प्रमाणपत्र मागा. आपलं वाद्य नीट करून घ्यायला नेत असाल तर केबिनमध्ये न्या आणि तारा सगळ्या सोडू नका. ताण गेला की आतली उभी काडी पडते. हिंदुस्थानी पद्धतीनं, सा-प जुळवून वाजवणाऱ्यांनी तारा कुठल्या सुरात लावता ते कागदावर लिहून द्यावं आणि तसंच लावून दाखवावं. पं. व्ही. जी. जोग किंवा पं. डी. के. दातार यांचं वादन फोनवर ऐकवलंत तर उत्तम. न सांगितल्यास कारीगर पाश्चात्त्य ताणाप्रमाणे घोडी आणि काडी बसवेल आणि घरी आल्यावर आवाज बंद वाटेल.

चौक. तोर्रात्सो, विटांचा मनोरा, सुमारे ११२ मीटर, ५०२ पायऱ्या, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा, कमीपणा नाही. पाठपिशवी नको, वर जिना अरुंद होतो. वाटेत घड्याळाच्या यंत्राची खोली लागते. १५८०च्या दशकातलं, दिव्हित्सिओली पितापुत्रांनी केलेलं, तबकडीचा व्यास आठ मीटरच्या आसपास. त्यावर चांद्रपातांचा, म्हणजे आपल्या राहू-केतूंचा काटाही आहे. साडेअठरा वर्षांहून थोड्या जास्त काळात एक फेरा. पंचांग समजणाऱ्याला इथून हलवता येणार नाही. मनोरा आणि कॅथीड्रल दोन्ही दुपारी मधेच बंद होतात, तेव्हा सकाळी करा. कॅथीड्रलचं बांधकाम ११०७ला सुरू झालं, १११७च्या भूकंपात मोडलं, पुन्हा उभं राहिलं. दारावरच्या मंडपात बारा महिन्यांच्या शेतीकामांची कोरीव पट्टी आहे. आत शिरल्यावर मागे वळा: दाराच्या वरच्या भिंतीवर पोर्देनोने या चित्रकाराचं येशूच्या क्रूसारोहणाचं भित्तिचित्र, १५२१च्या सुमाराचं. बहुतेक जण सरळ वेदीकडे चालत जातात आणि ते चुकवतात. छोटी दुर्बीण न्या, भित्तिचित्रं उंचावर आहेत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. शेजारी ११६७चा अष्टकोनी बाप्तिस्मागार, समोर १२०६चं नगरभवन, १२९२ची लोज्जा देई मिलिती.

जेवण साडेबारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. बाराचा कार्यक्रम संपला की लगेच जा किंवा टेबल सांगून ठेवा. शाकाहाऱ्यांनी मारुबिनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, मागवू नये: आत मांस, रस्साही तीन मांसांचा. मोस्तार्दा, म्हणजे मोहरीच्या झणझणीत पाकातली फळं, चालते. तोर्रोनेत अंड्याचा पांढरा भाग असतो, उपासाला किंवा कट्टर शाकाहारी आजीला नेऊ नका. ग्राना पादानो चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे दूध गोठवायला जनावराच्या जठरातून काढलेलं द्रव्य, असतं.

वेळ उरला तर आला पोन्त्सोने संग्रहालय: तिथे आर्चिंबोल्दोचं ‘भाजीवाला’ हे उलटं करून बघायचं चित्र, काराव्हाज्जोनं रंगवलेला संत फ्रान्सिस. आणखी उरला तर गावाबाहेरचं सान सिजिस्मोन्दो चर्च. नाही उरला तर सोडा.

डासांचं मलम, चपटे बूट, सुटे युरो. ऐकण्याचं तिकीट छापून घ्या, फोनवरही ठेवा. सभागृहात फोन बंद, कंपनावरही नको, तिथे ऐकू येतो. संध्याकाळची परतीची गाडी सकाळी उतरल्या उतरल्या पाहून ठेवा आणि त्या तिकिटावरही शिक्का मारा.