नेटची केबल आणि लाइटची वायर: भिंत एक, पाइप दोन

नवीन वायरिंग चालू असताना लॅन केबलचा, म्हणजे नेटच्या केबलचा, विषय निघाला की वायरमन बहुधा म्हणतो, "लाइटच्या पाइपात जागा आहे, त्यातूनच ओढून देतो." इथे नको म्हणायचं. लाइटच्या वायरमुळे नेट स्लो होतं, एवढंच कारण लोक सांगतात. ते त्यातलं किरकोळ कारण. केबलमधल्या तारांच्या जोड्यांना पीळ असतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखा चढतो आणि पलीकडे वजा होतो. घरातल्या दहा-पंधरा मीटरमध्ये फरक सहसा कळतही नाही.

खरी भीती 230 व्होल्टची. लॅन केबलचं आवरण त्यासाठी बनवलेलं नसतं. ओढताना बेंडवर लाइटची वायर सोलली किंवा जॉइंट तापून वितळला, तर फेज केबलमधून राउटरपर्यंत आणि राउटरला हात लावणाऱ्यापर्यंत येऊ शकतो. म्हणून पाइप वेगळा आणि भिंतीतला बॉक्सही वेगळा. प्लेट शेजारी-शेजारी बसवा, पण सॉकेटमागच्या बॉक्सात नेटचा जॅक घुसवू नका.

समांतर जाताना दोन पाइपांत 8 ते 10 इंच ठेवा. जागाच नसेल तर 2 इंचांवरही भागतं, पण दोन-तीन मीटरपुरतंच. एसी आणि पंपाच्या लाइनला ही सूट देऊ नका. ओलांडायचं असेल तिथे काटकोनात ओलांडा. फॉल्स सीलिंगमध्ये केबल एलईडीच्या ड्रायव्हरवर (दिव्याला वीज देणाऱ्या डबीवर) टाकून देतात, तेही टाळा.

पाइप 25 मिमीचा घ्या. बेंड असले तरी कॅट 6 (लॅन केबलचा एक प्रकार) च्या तीन केबल आरामात जातात. 20 मिमीत दोनच. एल्बोऐवजी मोठे बेंड वापरा, कारण केबलला साधारण इंचभर त्रिज्येचं वळण तरी लागतं. केबल हाताने ओढा आणि अडली तर जोर लावू नका, मागून ढकलायला माणूस ठेवा. दहा-अकरा किलोपेक्षा जास्त ताण बसला की आतला पीळ बिघडतो. सोबत एक नायलॉनची दोरी पाइपात सोडून ठेवा, पुढच्या केबलला कामी येते. केबल पूर्ण तांब्याचीच घ्या. 'सीसीए' म्हणजे वरून तांबं, आत अ‍ॅल्युमिनियम. जॅकमध्ये दाबताना तार तुटते, आणि कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर ती जास्त तापते. शील्डवाली, म्हणजे आत धातूचं वेष्टण असलेली, केबल घरात लागत नाही. शील्डला नीट अर्थिंग दिलं नाही तर तिचा उपयोगही होत नाही.

जुन्या भिंतीत झिरी मारायची असेल तर आधी मेन बंद करा. मग इन्व्हर्टरही बंद करा, हे हमखास विसरलं जातं: मेन पाडल्यावर इन्व्हर्टर चालू होतो आणि निम्मे पॉइंट जिवंतच राहतात. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून मगच बंद सॉकेटला लावा. बोर्डापासून सरळ वर आणि सरळ आडव्या रेषेत वायर असणार असं धरून चला, तिथे ड्रिल नको. तोडफोड नको असेल तर भिंतीवरून पट्टी मारा, पण लाइटच्या पट्टीत केबल बसवू नका.

टोकाला रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. बरेच जण रंग जोडीजोडीने ओळीत लावतात: नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. स्वस्त केबल टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, पण 3 आणि 6 नंबरच्या तारा एकाच जोडीतल्या हव्यात, त्या इथे वेगवेगळ्या जोड्यांतल्या असल्याने नेट अडखळतं. मग दोष शेजारच्या लाइटच्या वायरला दिला जातो. लॅपटॉपवर लिंक स्पीड 1 जीबीपीएसऐवजी 100 एमबीपीएस दिसला, तर भिंत फोडू नका. आधी दोन्ही टोकं कापून पुन्हा क्रिंप करा, म्हणजे नवे कनेक्टर दाबून बसवा.