चांदीचा जुना रुपया खरा की नकली? पाण्यात तोलून बघा

ब्रिटिश काळातल्या जुन्या चांदीच्या रुपयाबद्दल कुणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला, चुंबक लावून बघ. चिकटला तर खोटा हे कबूल, पण नाही चिकटला म्हणून खरा कसा काय? पितळ, तांबं, शिसं, जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, चांदी अजिबात नाही) यातलं काहीच चिकटत नाही आणि नकली रुपये याच धातूंचे असतात. दुसरा सल्ला वाजवून बघायचा, पण आवाज कळायला आधी ढीगभर खरे रुपये हाताखालून जावे लागतात. नवीन माणसाने हे दोन्ही सोडून द्यावं.

आधी साल वाचा. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८७६ पर्यंत 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस' असतं, याच्या उलट दिसलं की घेऊ नका. आणि १८६२ हेच साल रुपयावर पुढे बरीच वर्षं तसंच छापत राहिले, त्यानंतर थेट १८७४, त्यामुळे १८६५ किंवा १८७० सालचा चांदीचा रुपया कुणी दाखवला तर किंमतसुद्धा विचारू नका. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं राम दरबारवालं नाणं तर कंपनीने कधी पाडलंच नव्हतं, आणि ते तांदूळ ओढतं म्हणून लाखोंची बोली लावणारे सरळ फसवणूक करतात, लोकांची आयुष्यभराची कमाई यात गेलीय.

मग कोरडं वजन. ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा (सराफ आता १० ग्रॅमचा धरतात तो नाही). झिजून ११.४ भरला तर चालतं, पण ११.९ भरला तर नको, नाणं वापरून जड होत नाही.

आता खरं काम, घनता. सुरुवातीला मला इथेच सगळ्यात जास्त त्रास झाला, एकाच नाण्याचा आकडा दर वेळी वेगळा यायचा, म्हणून नीट सांगतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पाहिजे, ०.१ वाल्याचा काही उपयोग नाही. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला तंगूसचा सरकफास घाला, जाड दोरा नको, तो पाणी पितो. हाताने धरून कधीच करू नका, हात हलतो आणि आकडा नाचतो. काट्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या चळती लावा, वर लाकडी पट्टी आडवी टाका आणि नाणं तिला टांगा, म्हणजे ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला लागणार नाही. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा.

खऱ्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवतो, ११.६६ भागिले १.१३ म्हणजे साधारण १०.३, ९१.७ टक्के चांदीची हीच घनता. जर्मन सिल्व्हरचा असेल तर काटा १.३५ च्या आसपास जातो आणि भागाकार ८.६ वर येतो, इतका फरक कुणालाही दिसतो. १९४० ते ४५ च्या रुपयात चांदीच ५० टक्के आहे, तिथे ९.५ च्या आसपास आलं तर घाबरू नका.

भागाकार कमी आला की लगेच नाणं खोटं ठरवू नका. बहुतेक वेळा राजाच्या कानाजवळ किंवा काठाच्या दात्यांत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, किंवा नाणं तळाला टेकलेलं असतं, आणि या दोन्ही चुकांनी खरं नाणं खोटं दिसतं. बुडबुडा काडीने हलकेच काढा आणि परत मोजा. धोकादायक चूक उलटी आहे, नाण्याचा वरचा काठ जरा जरी पाण्याबाहेर राहिला तर घनता जास्त येते आणि नकली माल पास होतो, तेव्हा १०.६ वगैरे आलं तर खूश न होता आधी पाण्याची पातळी बघा. तीन वेळा मोजा, तिन्ही आकडे जवळजवळ आले तरच विश्वास ठेवा. आणि मोजायच्या आधी नाणं चिंच किंवा पितांबरीने घासू नका, कृपा करा, खऱ्या नाण्याची किंमत त्याने जाते.

पुढे भिंग, दहापट मोठं दाखवणारं. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि काठावर शिवण दिसते, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात.

आता पाणी कुठे हरतं तेही ऐका. हल्ली चांगल्या चांदीत नवीन छाप मारून रुपये पाडतात, घनता बरोबर येते. १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या खऱ्या रुपयावरच्या ८ चा ९ करतात, तिथेही नाणं खरं आणि चांदी खरी, खोटा फक्त आकडा. ९ भोवतीची जमीन भिंगाखाली तिरप्या उजेडात बघा, खरवडल्याच्या बारीक रेघा किंवा वेगळी चमक दिसते. दिसली नाही तरी १९३९ चा रुपया सुटा घेऊ नका, एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून सीलबंद करणाऱ्या कंपन्यांच्या डब्यातलाच घ्या, आणि डब्यावरचा सर्टिफिकेट नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण डबेसुद्धा नकली येतात.