पीएसबी वापरताना या चुका टाळा

"पीएसबी वापरून पाहिलं, काही फरक पडला नाही." पीएसबी म्हणजे मातीतला स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारं जिवाणू खत, आणि त्याबद्दल दर हंगामात हे ऐकतो. खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच निघतं: जिवाणू मातीत पोचायच्या आधीच मेलेले असतात. बॅसिलस मेगाटेरियम, स्यूडोमोनास स्ट्रायाटा यांसारखे हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडतात, आणि मातीत कॅल्शियमने जखडलेला स्फुरद मुळांना घेता येईल असा मोकळा होतो. हे काम जिवंत जिवाणूंचं आहे, पाकिटातल्या भुकटीचं नाही.

सगळ्यात चीड आणणारी चूक म्हणजे बीजप्रक्रियेचा उलटा क्रम. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी जिवाणू, हे कितीदा सांगायचं? ओळखीतल्या एका तरुणाने हरभऱ्याला आदल्या दिवशी पीएसबी चोळलं, बी उन्हात वाळत घातलं आणि सकाळी पेरणीच्या घाईत त्यावरच ताम्रयुक्त बुरशीनाशक टाकून ड्रम फिरवला. पुढे त्याने मला शेतात नेऊन प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या ओळी दाखवल्या. दोन्ही सारख्याच. पाकीट बोगस निघालं, असं त्याचं ठाम मत होतं. पाकिटावरची मुदत तर शिल्लक होती. उन्हातून जे जिवाणू वाचले असतील त्यांना तांब्याने गाठलं. तांबं पिकावर जिवाणूजन्य रोग मारायला फवारतात, ते पीएसबीला कसं सोडेल?

माझी पद्धत साधी आहे. रासायनिक प्रक्रिया आधी उरकून बी पूर्ण वाळू देतो. पेरणीच्या दिवशी गुळाचं थंड पाणी घेऊन त्यात पीएसबी कालवतो, किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम. हलक्या हाताने लावतो, सावलीत पसरतो आणि त्याच दिवशी पेरतो. सोयाबीनला तर चोळायचंच नाही, साल निघते आणि उगवण जाते. रासायनिक प्रक्रिया कडक असेल तर बियाण्याचा नाद सोडून पीएसबी ओलसर शेणखतात मिसळून सरीत देतो. रायझोबियम (हवेतलं नत्र बांधणारं जिवाणू खत) मात्र पीएसबीसोबत लावलं तरी चालतं.

पीएसबी डीएपी किंवा युरियात मिसळून पेरू नका. क्षारांनी जिवाणू मरतात.

पाकिटं पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीत ठेवू नका.

स्ट्रेप्टोमायसिनसारखं प्रतिजैविक ज्या टाकीत आहे त्यात पीएसबी ओतू नका.

दुसरी मोठी चूक अपेक्षेची आहे. पीएसबी आणलं म्हणून पहिल्याच वर्षी स्फुरदाचं खत पूर्ण बंद करणारे लोक आहेत. नत्र हवेतून बांधता येतं, स्फुरदाला तशी सोय नाही. जिवाणू स्फुरद बनवत नाहीत, मातीत अडकलेला सोडवतात. दिलेल्या खतातला थोडाच भाग त्या हंगामातलं पीक उचलतं, बराचसा मातीत स्थिर होतो. त्यामुळे वर्षानुवर्षं खत घातलेल्या जमिनीत सोडवण्यासारखं पुष्कळ असतं. जिथे मुळातच स्फुरद कमी आहे तिथे जिवाणू काय सोडवणार? आणि माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद आधीच भरपूर आला असेल तर फरक दिसणारही नाही. म्हणून मी आधी अहवाल बघतो, सुरुवातीला स्फुरद खताच्या मात्रेचा चौथा हिस्साच कमी करतो आणि एक पट्टा पीएसबीशिवाय ठेवतो.

यात सेंद्रिय कर्बाकडे कुणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आम्ल तयार करायला जिवाणूंना कर्ब लागतो. कोरड्या, शेणखत न पाहिलेल्या जमिनीत ते उपाशी राहतात. चुनखडीच्या जमिनीत तर चुना आम्ल खाऊन टाकतो. तिथे पीएसबी रानभर फेकण्यापेक्षा शेणखतासह मुळांजवळ द्या, आणि ओल असतानाच द्या.

शेवटचं, घाईबद्दल. युरियाने पान लवकर हिरवं होतं, पीएसबीने तसं होत नाही. आठ दिवसांनी फोन करून "काहीच दिसत नाही" म्हणू नका. फुलोऱ्याच्या सुमाराला दोन्ही पट्ट्यांतली रोपं मातीसकट उपटून मुळं शेजारी ठेवा, आणि काढणीला दोन्हीकडचं धान्य वेगळं मोजा.